चौथी खाच

माझ्या बहिणीला एक सवत आहे आणि ती आमच्या इमारतीच्या जिन्याखाली राहते. रंगाने काळपट निळी, अंगाने अवजड, पुढे छातीपर्यंत येणारी काच, दोन्ही कुशींना दोन पेट्या आणि मागच्या माणसाला पाठ टेकायला चांगली गुबगुबीत उशी. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली मोटरसायकल आहे ती. ज्या कारखान्यात ती जन्मली तो केव्हाच बंद पडला, तिच्या सोबतीने निघालेल्या गाड्या भंगारात गेल्या, पण ही मात्र आहे. जिना उतरताना जिचा किंवा ज्याचा गुडघा तिच्या पेटीवर आपटला नाही असं आमच्या इमारतीत कुणी सापडणार नाही.

तिचे मालक म्हणजे माझे भाऊजी. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला धुलाईखाना आहे, तिथला बॉयलर ते सांभाळतात. शेकडो खाटांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे वाफेवर निघतं, आणि ती वाफ पुरवायचं काम यांचं. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. घरी येतात तेव्हा तोंड उकडून निघालेलं असतं आणि बोलायचं त्राण उरलेलं नसतं. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आणि दाबाचा काटा, या दोन गोष्टींकडे डोळे लावून माणसाने आयुष्य काढलं. बॉयलर जरा वेगळ्या सुरात घुरघुरला तरी ते खुर्चीतून उठतात. घरातलं माणूस वेगळ्या सुरात बोललं तर मात्र त्यांना गंध नसतो. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे, थोडं रागानेच म्हणते.

मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. पाणीपट्टीच्या कचेरीत खिडकीवर बसते आणि दिवसभर लोकांची बोलणी खाते. घरी आले की मला कुणाचं काही ऐकायचं नसतं, पण माझी गॅलरी नेमकी अंगणावर उघडते आणि अंगणात भाऊजींची गाडी उघडलेली असते. त्यामुळे तिच्या सगळ्या दुखण्यांची मला माहिती आहे. थंडीत तिचा कार्ब्युरेटर रुसतो. चेन दर महिन्याला घासून, पुसून, तेल पाजून ठेवावी लागते. इंजिनाच्या सांध्यांमधून ऑइल पाझरतं, कारण तिथली कागदी पॅकिंग आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. ती पॅकिंग माझी ताई कापते.

ताई घरीच शिवणकाम करते. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकलेले कापडाचे गठ्ठे, आणि वर्षातले सात-आठ महिने शाळांचे गणवेश. भाऊजी तिच्या टेबलावर तेलकट जुनं पॅकिंग आणून ठेवतात, ती ते जाड कागदावर मांडून खडूने आखते आणि कापडाच्या कात्रीने नव्हे, तर त्याच कामासाठी बाजूला ठेवलेल्या जुन्या कात्रीने कापून देते. चांगल्या कात्रीला हात लावला तर ताई नवऱ्यालाही सोडत नाही. गाडीची सीट तिनेच शिवली, मागची उशी तिनेच भरली. सवतीचं इतकं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, असं मी तिला म्हणायची. ती म्हणायची, बसायचं मलाच असतं ना तिच्यावर.

आणि बसायची. भाऊजींच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं निघायची. गावाबाहेर, तळ्याला वळसा घालून, डोंगराच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे तिथपर्यंत. कधी त्याच्याही पुढे, दोन-दोन दिवस. ताईने त्यासाठी जाड कापडाचं एक करडं जाकीट शिवलं होतं, आत अस्तर, कमरेला बरोब्बर बसणारं. वाटेत दोघं एक शब्द बोलत नसत. तळ्याजवळचा सरळ रस्ता लागला की ताई त्यांच्या पाठीवर डोकं टेकून चक्क झोपायची. मशीनवर वाकून वाकून तिची मान धरलेली असायची, आणि म्हणायची की आठवड्याची खरी झोप मला तिथेच लागते. भाऊजी मग गाडी एका वेगात ठेवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही म्हणून लांबूनच वेग कमी करायचे. परगावी असलेला त्यांचा मुलगा फोनवर सांगायचा, आता वय झालं, ती गाडी काढून टाका, चारचाकी घ्या. भाऊजी फोन ताईकडे द्यायचे. ताई म्हणायची, चारचाकीत मला झोप येत नाही.

आता खाचेचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

गाडीच्या मागच्या चाकाला दोन शॉकअप असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्या बुडाशी एक कडं असतं आणि त्या कड्याला पाच खाचा. आकडीसारख्या पान्याने कडं फिरवलं की आतली स्प्रिंग घट्ट होते किंवा सैल सुटते. माणूस एकटा असेल तर पहिली खाच. मागे वजन असेल तर वरची. मला यात काडीचा रस नाही, पण इतकी वर्षं ऐकून पाठ झालंय.

लग्नानंतर ताई पहिल्यांदा या गाडीवर बसली तेव्हा कडं खालच्या खाचेवर होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हाही स्पीडब्रेकर होता. त्यावरून जाताना गाडी मागे दबली आणि पोटाखालचा मोठा स्टँड त्यावर खर्रकन घासला. भाऊजी लगेच थांबले, उतरले, वाकून पाहिलं, आणि नव्या नवरीला म्हणाले की आजवर ही कधी टेकली नव्हती. ताई तेव्हा अंगाने चांगली भरलेली होती आणि तिला ते ठाऊकही होतं. ती खाली उतरली, चालत घरी आली, आणि पुढचे दोन दिवस तिने अबोला धरला. माफी मागणं भाऊजींच्या रक्तात नाही. त्यांनी आकडीचा पाना काढला, कडं चौथ्या खाचेवर आणलं, ताईला मिनतवाऱ्या करून पुन्हा सीटवर बसवलं, आणि स्प्रिंग किती दबते ते पाहून शॉकअपच्या नळीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली. म्हणाले, आता तुझ्यासाठी लावली आहे. त्यांच्या तोंडून आजवर निघालेलं सगळ्यात गोड वाक्य तेच, असं ताई सांगते, आणि सांगताना अजून लाजते.

त्यानंतर ते कडं त्यांनी कधी हलवलं नाही. कामावर जाताना ते एकटेच असायचे, मागे हलकी आणि ताठ झालेली गाडी खड्ड्याखड्ड्यातून त्यांना उडवायची, कंबर दुखायची, पण पाना काही बाहेर निघाला नाही. मी एकदा म्हटलं, रोज दोन मिनिटांचं काम आहे, करा ना सैल. तर म्हणाले, राहू दे, सुट्टीच्या दिवशी पुन्हा घट्ट करायला विसरलो तर ती आपटेल. माणूस असा आहे. त्यावर चिडावं की काय करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर एका सुट्टीच्या दिवशी तळ्यावरून परत आल्यावर ताई म्हणाली की गाडी मागे फार आदळते. म्हणाली सहज, हेल्मेट काढताना, पण भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांच्या गाडीला कुणी नाव ठेवलं की त्यांच्या जिवाला लागतं, आणि ताईने तर कधीच ठेवलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे चाकातली हवा तपासली. ठीक होती. तरी थोडी कमी केली.

पुढच्या सुट्टीला ताई पुन्हा तेच म्हणाली. या वेळी तिने कमरेला हातही लावला. मग भाऊजींनी सीट उघडली. आतला फोम बसला असेल असं त्यांचं मत पडलं, म्हणून ताईनेच नवा फोम कापून भरला आणि वरून पुन्हा शिवून दिला. त्याने काही फरक पडला नाही. मग मागचं चाक ज्या दांड्यांवर असतं त्यांच्या सांध्यातले बुश झिजले असतील असं ठरलं. तसे बुश मिळत नाहीत, म्हणून ते लेथवाल्याकडून बनवून घेतले. त्यासाठी भाऊजी रात्रपाळी करून येत आणि झोपायच्या ऐवजी अंगणात बसकण मारत. डोळे लाल, हात ग्रीसने माखलेले, शेजारी गार झालेला चहा. मी कामावर निघताना त्यांना तसं सोडून जायची आणि परत येताना ते तसेच सापडायचे. शेवटी बुश बसले. गाडी अगदी घट्ट चालायला लागली. ताई तळ्यावर जाऊन आली आणि म्हणाली, बरी आहे आता. पण जिना चढताना ती दोनदा थांबली, आणि गाडीत काहीच सुधारलं नाही असं भाऊजींनी धरलं. त्यांना वाटलं, ती आपलं मन राखते आहे. गाडी अजून आदळतेच आहे.

जिन्यात ती थांबली हे मीही पाहिलं होतं. मला वाटलं गणवेशांचा हंगाम आहे, दमली असेल. हंगामात ती नेहमीच दमते. भाऊजी पाळ्यांनी दमलेले, मी कचेरीने दमलेली, ती मशीनने. आमच्या घरात दमणं ही काही बातमी नव्हती. जेवताना ताटात काहीबाही उरायला लागलं होतं, तेही आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. आणि कपडे तर तिचे असे बसायचे अंगावर, की कुणी नाव ठेवावं अशी सोय नव्हती. सगळे तिने स्वतः शिवलेले. आमच्या ओळखीत तिच्याइतकी नीटनेटकी बाई नाही, हे आम्ही कौतुकाने सांगायचो.

मग भाऊजींनी शॉकअपलाच हात घातला. ते काढून, उघडून, आतलं तेल बदलून, सील बदलून पुन्हा बसवले. त्याला दोन सुट्ट्या गेल्या. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मदतीला यायचा आणि तोंडाने बडबड चालू ठेवायचा. काम झाल्यावर भाऊजींनी त्यालाच मागे बसवून एक फेरी मारली. परत आल्यावर पंक्चरवाला म्हणाला, गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालते, तुमच्या घरातल्यांचं काहीतरी निराळं आहे. भाऊजींना ते आवडलं नाही. पंक्चरवाला गेल्यावर त्यांनी वर पाहून मला हाक मारली.

मी वैतागूनच खाली गेले. उन्हं कलायला लागली होती, मला दोन घटका पडायचं होतं. त्यांनी मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. मी अंगाने ताईपेक्षा दुप्पट नसले तरी फार कमीही नाही, त्यामुळे या गाडीवर बसायचा प्रसंग मी आयुष्यभर टाळत आले होते. बसले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. स्पीडब्रेकरवर मी डोळे मिटले होते, पण काहीच झालं नाही, गाडी हळूच वर गेली आणि हळूच खाली आली. मी म्हटलं, भाऊजी, काही आदळत नाही हो. उगाच जीव आटवताय.

भाऊजींनी गाडी अंगणात उभी केली, मला वर बसलेलीच राहायला सांगितलं, आणि गुडघ्यांवर बसून शॉकअपकडे पाहू लागले. नळीवरची पांढरी रेघ स्प्रिंगच्या आत गडप झाली होती. माझ्या वजनाचा तो पुरावा पाहून मला लाज वाटायला हवी होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाटली नाही. मग त्यांनी ताईला बोलावलं. ती मशीनवरून उठून आली, गळ्यात टेप तशीच. त्या दिवशी काम आटपलं की ती दोघं तळ्यावर जायची होती म्हणून करडं जाकीट अंगात होतंच. भाऊजी पुढे बसले, ताई मागे बसली, आणि त्यांनी मला रेघ कुठे आहे ते बघायला सांगितलं.

रेघ पूर्ण बाहेर होती. स्प्रिंग तिच्यापर्यंत आलीच नव्हती. मधे दोन बोटं सहज बसली असती.

त्यांनी ताईला उतरवलं, पुन्हा बसवलं. मी पुन्हा वाकले. फरक नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी मला धरायला लावली आणि स्वतः खाली बसून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठले आणि ताईला म्हणाले, "तू मागे असतेस तेव्हा गाडी मी एकटा असल्यासारखी उडते. मला कधीपासून कळत होतं. मी बुश बदलत बसलो."

ताईचा हात गळ्यातल्या टेपवर होता.

भाऊजी तिच्याजवळ गेले आणि त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली. जन्मात त्यांनी अंगणात, माझ्यासमोर, तिला असा हात लावला नव्हता. जाकीट उतरवून त्यांनी उलटं केलं. आतली कमरेची शिवण उन्हात दिसली. टिपेच्या शेजारी जुन्या टिपेच्या सुईची भोकं होती, रांगेत. तिच्या शेजारी आणखी एक रांग. तिच्याही शेजारी आणखी एक. प्रत्येक वेळी अंगठ्याएवढं कापड आत घेतलेलं. मला शिवण येत नाही, पण एवढं मलाही कळलं.

"सैल कपडा बरा दिसत नाही," ताई म्हणाली. "झाला की मी घेते आत. सगळेच घेतले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"काय सांगू. घरी येता तेव्हा तुम्हाला बसायचंही त्राण नसतं. मला वाटलं, हंगाम संपला की भरून येईल."

मग ती माझ्याकडे बघून थोडं हसली आणि म्हणाली की तिला भीती वाटत होती. एवढंच. आम्ही तिघं त्या अंगणात उभे राहिलो, भाऊजींच्या हातात ते उलटं जाकीट, आणि मला माझ्या बहिणीचं मनगट इतकं बारीक कधी झालं हे आठवेना. रोज बघत होते मी तिला. रोज.

दुसऱ्या दिवशी भाऊजी तिला रुग्णालयात घेऊन गेले. इतकी वर्षं ते मागच्या दाराने आत जात होते, पुढच्या दाराने कधी गेलेच नव्हते. त्यामुळे चौकशीच्या खिडकीपाशी कुठे उभं राहायचं तेही त्यांना कळेना, असं ताई नंतर सांगत होती. बारीक अंगाची, तुटक बोलणारी एक डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं की वजन कधीपासून उतरतंय. ताईला सांगता येईना. भाऊजींनी सांगितलं की हवा कमी केली तेव्हा सुरुवात झाली असावी, फोम बदलला तेव्हा वाढलं होतं, आणि बुश बसवले तोपर्यंत फारच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ताईकडे पाहिलं. ताईने मग त्याचे महिने करून दिले.

पोटात गाठ निघाली. वेळेवर आलात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत आणि उशीर केलात असंही म्हणाल्या नाहीत. कापावी लागेल आणि नंतर औषधं, असं म्हणाल्या.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बाकं आठवतात. औषधांचा वास आठवतो, आणि कुणीतरी आपला नंबर पुकारेल म्हणून बसून राहिल्याने आखडलेल्या माझ्या मांड्या आठवतात. भाऊजी पाळी संपवून मागून पुढे यायचे, ताईच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे. शुद्धीवर आल्यावर ताई पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती चादरीबद्दल. फार कडक आहे, म्हणाली, वाफ जास्त होते त्यांची, सांग त्यांना. मी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी काय केलं मला माहीत नाही, पण चादर मऊ आली असं ती म्हणत राहिली. खरं होतं की मन राखणं, मी विचारलं नाही.

तपासण्या चालू असतानाच, ऑपरेशन व्हायच्या आधी, भाऊजींनी आकडीचा पाना काढला होता. कडं चौथ्या खाचेवरून तिसऱ्यावर आलं. गंज चढून ते इतकं घट्ट बसलं होतं की पाना दोनदा सटकला आणि त्यांची बोटं सोलपटली. ताईला घरी आणल्यावर काही आठवडे टॅक्सीच होती, त्यासाठी मला त्यांच्याशी भांडावं लागलं. पण औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी बसता येत असेल तर बसा असं म्हटलं, तेव्हा ताईनेच हट्ट धरला. टॅक्सीत तिला मळमळायचं. भाऊजींनी कडं दुसऱ्या खाचेवर घेतलं. एक फेरी झाली. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ताई म्हणाली, थोडं आदळतं. त्यांनी कडं पहिल्यावर घेतलं.

त्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली की आता अजिबात आदळत नाही. गाडी कशी मऊ झाली आहे, तू बस एकदा, असं मला म्हणाली. मी गॅलरीत उभी होते. खाली भाऊजी पाना फडक्यात गुंडाळत होते. पहिल्याच्या खाली खाच नसते. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत बसले, जरी भांडी सकाळीच घासून झाली होती.

मग नुसतं वाट पाहणं राहिलं. ताई थोडं खायला लागली, मग पुन्हा नाही, मग पुन्हा थोडं. मशीनवर बसायला लागली, पण गणवेश नाही, फक्त अल्टरेशन. भाऊजी कामावर एकटे जायचे तेव्हा आता गाडी त्यांना उडवत नव्हती, पहिल्या खाचेवर ती एकट्या माणसासाठीच असते. तेवढाच त्यांच्या कमरेला आराम. मी तसं त्यांना एकदा म्हणाले. ते म्हणाले, आराम कसला, रोज वाटतं मागे कुणी बसणारच नाही अशी ही लावून ठेवली आहे. हे बोलून ते घाईघाईने निघून गेले.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत वजनाचा काटा होता. तो काय सांगायचा ते त्या कागदावर लिहायच्या आणि मान हलवायच्या, पण ती मान कुठल्या बाजूला हलते हे आम्हाला कधी उमगलं नाही. भाऊजींचा त्या काट्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, चपला घालून उभी करतात, कधी न घालता.

परवाची गोष्ट. तपासणीचा दिवस होता. सकाळी कचेरीला निघायच्या आधी मी गॅलरीत चहा घेऊन उभी होते. दोघं खाली आली. ताईने करडं जाकीट घातलं होतं. भाऊजींनी गाडी सुरू केली, ती पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही, दुसऱ्या झटक्यात झाली, ताई बसली, दोघं निघाली. मी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडापर्यंत बघत राहिले. कडं पहिल्या खाचेवर असूनही ताईला घेऊन गाडी त्या स्पीडब्रेकरवरून आजवर न टेकता जायची.

स्पीडब्रेकरवर गाडी वर चढली, मागून दबली, आणि खर्र असा आवाज आला. लोखंड सिमेंटवर घासल्याचा, कानाला नको वाटणारा आवाज. गल्लीतल्या दोन माणसांनी वळून पाहिलं.

भाऊजी थांबले. या माणसाला गाडीचा वेगळा श्वासही सहन होत नाही, आणि आता हे काहीतरी वेडंवाकडं बोलणार. ते उतरले. गाडीच्या बाजूला उकिडवे बसले आणि स्टँडला खालून हात लावला. तो हात त्यांनी वर आणून पाहिला. ताई मागेच बसून होती. तिचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"मी चालत येऊ का?"

ते तसेच खाली बसून राहिले, एक हात सीटवर, डोकं त्या हातावर. ताईने त्यांच्या हेल्मेटवर हात ठेवला. मग ते उठले, बसले, गाडी वळवली, आणि परत माझ्या गॅलरीखाली आणली. मला वाटलं काही विसरलं. पण ते थांबले नाहीत. अंगणातून वळसा घालून पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेले, आणि मुद्दाम, हळूच, त्या स्पीडब्रेकरवरून पुन्हा गाडी नेली.

खर्र.

पलीकडे जाऊन त्यांनी पाय टेकले आणि मान वळवून वर, माझ्या गॅलरीकडे पाहिलं. हेल्मेटची काच उघडी होती आणि गाल ओले होते, ते इतक्या लांबूनही दिसत होते.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऐकलं. ते तिसऱ्यांदा वळायला लागले तेव्हा मात्र ताईने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग दोघं तपासणीला गेली.